उंच वेटर, बुटका वेटर

रविवार, २ मार्च

लोकांना डोळे नाहीत. आयुष्यभर चष्मे विकलेला माणूस हे लिहितोय, म्हणजे काहीतरी तथ्य असेलच. कोपऱ्यावरच्या थिएटरात महिनाअखेरीला जुन्या हॉलिवूडच्या नाचगाण्यांची संध्याकाळ आहे. कुणाला कुठला नाच आवडतो म्हणून लोकांकडून मतं मागवली होती. पहिला नंबर कुणाला? टेलिफोनवाल्या पोरींना! वायरी हातात धरून नुसत्या गोल गोल फिरतात, त्याला म्हणे नाच. दुसरा बोटीवरच्या आरामखुर्च्यांचा, तो ठीक आहे. तिसरा रंगाऱ्यांचा, त्यात माणसांपेक्षा शिडीच जास्त नाचते. आणि आमचे दोन वेटर चौथे. चौथे!

पण खरी बातमी पुढेच आहे. थिएटरची मॅनेजरबाई काल दुकानात चष्म्याची काडी बसवून घ्यायला आली होती. म्हणाली, "तुमचे वडील आमच्याकडे डोअरकीपर होते ना? आमचा जुना ऑपरेटर सांगतो, तुम्ही दोघं भाऊ वेटरांचा नाच हुबेहूब करता. मग करा की त्या दिवशी स्टेजवर! मागे पडद्यावर सिनेमा चालू, पुढे तुम्ही दोघं. फक्त पावलाला पाऊल जुळलं पाहिजे हं, नाहीतर हसं होईल."

मी "बघतो" म्हणालो. आतून उड्या मारत होतो. पन्नाशी उलटून बरीच वर्षं झाली, आणि कुणीतरी पहिल्यांदाच मला स्टेजवर बोलावतंय.

नाच असा आहे. हॉटेल बंद झालंय. एक उंच वेटर आणि एक बुटका वेटर टेबलं पुसता पुसता नाचायला लागतात. शेजारी शेजारी उभे, दोघांची तोंडं लोकांकडे, खांद्यावर फडकं. पहिलं पाऊल दोघांचं एकदम एकाच बाजूला, मग बुटांची टकटक, गिरकी, आणि शेवटी ट्रे याच्या हातातून उडून त्याच्या हातात. दादा उंच, मी बुटका. हे पोरपणापासून ठरलेलं आहे.

थिएटरच्या मालकाचा तेव्हा कडक नियम होता, नोकरांच्या पोरांनी खुर्च्यांत बसायचं नाही. म्हणून बाबा आम्हाला पडद्यामागे सोडायचे. आवाज बाहेर जावा म्हणून पडद्याला बारीक बारीक भोकं असतात, त्यामुळे चित्र मागूनही दिसतं. जरा फिकं, आणि पाट्यांवरची अक्षरं उलटी, एवढंच. दादा तिथे उभा राहून नाच शिकला. मी फारच लहान होतो, मला त्याने शिकवला. तिथल्याच बोळात, माझ्यासमोर उभा राहून, कारण शेजारी शेजारी दोघं मावायचोच नाही.

दादाला सांगितलं तर म्हणाला, "महिनाअखेरीला? बरं, जमवतो." जसा काही याचा दिवस भरगच्च असतो.

बुधवार, ५ मार्च

आमच्या बाहेरच्या खोलीत पहिली तालीम झाली. मोठा टीव्ही आहे, मी विकत घेतलेली ती जुनी फिल्म आहे, सोफा सरकवला. ट्रे दुकानातला आणला, फ्रेमा मांडून दाखवायचा स्टीलचा. मी दादाला म्हणालो, पडद्यावर बघायचं आणि तसंच करायचं. सोपं आहे.

संगीत सुरू झालं. पहिलंच पाऊल. मी टीव्हीतल्या वेटरांबरोबर डावीकडे गेलो, आणि दादा ठाण्‌दिशी उजवीकडे, सरळ माझ्या अंगावर. माझा चष्मा सोफ्याखाली गेला.

"अरे दादा, डावीकडे!"

"उजवीकडे आहे रे, बारक्या."

"टीव्हीत बघ की! ते कुठे चाललेत?"

त्याने बघितलं. डोकं खाजवलं. "तिकडे चाललेत खरे," म्हणाला. पुन्हा लावलं, पुन्हा उजवीकडेच आला. या माणसाने तीस वर्षं ड्रायव्हिंग स्कूलमध्ये लोकांना डावं-उजवं शिकवलं. त्यांच्यातले किती जण आज जिवंत असतील, देव जाणे.

शुक्रवार, ७ मार्च

तेच. चारदा धडक. बायको आतून म्हणाली, "भांडी तरी फोडू नका."

लहानपणी बोळात आमचं एकदाही चुकल्याचं आठवत नाही. एवढीशी जागा, तरी कोपराला कोपर लागायचं नाही. मग आत्ताच काय झालंय याला? वहिनी गेल्यापासून त्याचं कशातच लक्ष नसतं, हे एक. आणि मुळात सराव नाही, हे दुसरं. मी ही फिल्म लावून टीव्हीसमोर वर्षानुवर्षं नाचत आलोय, पडदे ओढून. याने शेवटचा नाच केला असेल तो चड्डीत असताना.

सोमवार, १० मार्च

दुकानात एका म्हाताऱ्याने वैताग आणला. आमची तपासणीची खोली बोळकंडीएवढी, म्हणून अक्षरांचा तक्ता गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे लावलाय, आणि गिऱ्हाईक समोरच्या आरशात बघून वाचतं. तक्ता अर्थातच उलट्या अक्षरांचा. आरशात सुलटा दिसतो. हा गृहस्थ वळून थेट तक्ताच वाचायला लागला आणि मला म्हणतो, तुमची छपाई चुकली आहे. मी म्हणालो, "अहो, आरशात बघा, आरशात! आरसा सगळं उलटं करतो, म्हणून मुद्दाम उलटं छापलंय." डोक्यात प्रकाश पडायला दहा मिनिटं लागली त्याच्या. काय एकेक माणसं असतात.

संध्याकाळी बायकोबरोबर दादाकडे गेलो, तर त्याच्या गॅलरीतल्या कुंड्या गायब. शेजारणीला देऊन टाकल्या म्हणे. "पाणी घालायचा कंटाळा येतो." नाच बसत नाही, आणि याला घर आवरायचं सुचतंय. बायकोला त्याने त्याचा चांगला चालू मिक्सर दिला. ती मिक्सरचं झाकण काढून पदराने पुन्हा पुन्हा पुसत बसली. मी म्हणालो, "अगं, आनंद झाला तर तोंडाने सांगावं माणसाने." ती मिक्सर घेऊन आत गेली.

शनिवार, १५ मार्च

आज थिएटरात तालीम होती. चांभाराकडून बुटांना पत्रे ठोकून घेतलेत. स्टेजवर पहिलं टकटक केलं तेव्हा त्या रिकाम्या हॉलमध्ये असा काही आवाज घुमला की माझे डोळे भरून आले. खोटं कशाला लिहू?

मग सिनेमा लागला आणि सगळं मुसळ केरात. हा तिकडे, मी इकडे, मधे एवढी जागा की बस उभी राहील. परत येताना मात्र नेमके एकमेकांवर. ट्रे खणखणत पहिल्या रांगेत गेला.

मॅनेजरबाई खुर्चीतून म्हणाली, "एकाचं अगदी जुळतंय. एकाचं नाही."

"मी त्याला समजावतो," मी म्हणालो.

तिने तोंड उघडलं, दादाकडे पाहिलं. दादाने वळून एकदा पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि बाईंकडे बघून 'नको' अशी हळूच मान हलवली. "बरं," बाई म्हणाली. "बुधवारी परत बघते. नाही जुळलं तर आपण नुसता सिनेमाच दाखवू. राग मानू नका."

राग नाही मानणार तर काय पेढे वाटणार? माझी एक संध्याकाळ, उभ्या जन्मात एक, आणि ती याच्या आडमुठ्या पायापायी जाणार.

रविवार, १६ मार्च

भांडलो. जे बोलू नये तेही बोललो. म्हणालो, तुला हे नकोच आहे, तू उपकार केल्यासारखा येतोस. तो खोक्याला चिकटपट्टी लावत होता. हो, खोकी आणलीत आता, वाण्याकडून मागून. म्हणाला, "नको असतं तर तारीख पुढे ढकलली नसती."

"कसली तारीख?"

"काही नाही. पुन्हा करून बघू, चल."

असं कोड्यात बोलायचं आणि मग माझं डोकं फिरलं की मलाच तापट म्हणायचं.

बुधवार, १९ मार्च

खरं ते लिहितो.

थिएटरात गेलो तोच मुळात चिडून. मी बाईंना म्हणालो, "आज मी खाली बसतो. तुम्हीही बघा आणि यालाही कळू दे, कुठे चुकतंय ते." पाचव्या रांगेत जाऊन बसलो. दादा एकटा स्टेजवर, मागे पडदा.

पहिलं पाऊल पडलं. पडद्यावरचा उंच वेटर आणि दादा, दोघं एकदम एकाच बाजूला गेले. टकटक एकदम. गिरकी एकदम. दादाची पँट ढगळ, टक्कल चमकतंय, पण पावलाला पाऊल असं की कुणाच्या बुटाचा आवाज कुठला ते कळेना. शेवटी त्याने हात पुढे केला, नसलेला ट्रे झेलला, आणि नाच संपला.

"हे जमलंय," बाई म्हणाली. "शनिवारी दोघांनी असंच करायचं. आणि स्पष्टच सांगते, त्या दिवशी गडबड झाली तर मी स्टेजचे दिवे बंद करीन."

मी मान हलवली. चुकत होतो तो मी. इतके दिवस मीच.

दादा खाली आला. मी काय म्हणालो असेन? म्हणालो, माझा गुडघा दुखतोय, आता थेट शनिवारी, म्हणजे २९ तारखेला भेटू. तोवर ज्याने त्याने घरी सराव करावा. तो पटकन म्हणाला, "बरंच झालं. मलाही जरा काम आहे."

गुरुवार, २० मार्च

कारण सापडलं, आणि कुठे? माझ्याच दुकानात, माझ्याच आरशात. गिऱ्हाईक नव्हतं. आरशासमोर उभा राहून मी पहिलं पाऊल टाकलं, आरशातला मी बरोबरच आला. पण मी तिथून वळून लोकांकडे तोंड करून तेच पाऊल टाकलं असतं, तर ते भलत्याच बाजूला गेलं असतं. माझं तेच झालंय. दादाने समोर उभं राहून शिकवलं, टीव्हीने समोर उभं राहून शिकवलं, मी आरशासारखा नाचत राहिलो. दादा पडद्याच्या मागे उभा राहून शिकला. त्याचं तोंड वेटरांसारखंच लोकांकडे होतं. टीव्हीसमोर उलटा दिसायचा, पण बरोबर तोच होता.

दिवसभर गिऱ्हाइकांना ओरडतो मी, आरसा सगळं उलटं करतो म्हणून.

तर आता एकच उपाय आहे. नाच उलटवायचा. दादाला सांगायचं नाही, एकदम स्टेजवर बरोबर करून दाखवायचं. तेवढीच माझी माफी समजावी त्याने.

रविवार, २३ मार्च

पायात पाय. डोक्याला कळतं, पायांना कळत नाही. आज गिरकीत टीपॉयवर आपटलो. बायको म्हणाली, "दादांना बोलवा की, दोघं मिळून करा." मी खेकसलो. ती म्हणाली, "मग राहू दे. पण जरा जाऊन बसत जा त्यांच्याकडे. आत्ता तरी."

आत्ता तरी म्हणजे काय? नाच बसवू का गप्पा मारू?

मंगळवार, २५ मार्च

दादाच्या दारावरून गेलो. दार उघडं होतं. आतल्या खोलीत कपाटाच्या आरशासमोर तो नाचत होता आणि सगळं चुकत होता. डावीकडे जातो, थांबतो, शिवी देतो, पुन्हा डावीकडे. जे येत होतं तेही विसरला की काय हा? मी हात टेकले. आत गेलो नाही. एकाने चुकायचं थांबवलं की दुसऱ्याने सुरू करायचं, असा काही नियम आहे का आमच्या घरात?

शुक्रवार, २८ मार्च

आज माझं पाऊल जमलं. सलग तीनदा, सगळं बरोबर. आनंदाने बायकोला हाक मारली, तर ती रडत होती. दादा राहती खोली सोमवारी सोडतोय. पुतणीकडे, म्हणजे त्याच्या लेकीकडे, कायमचा चाललाय, बसने एक पूर्ण दिवस लागतो तिथे. पुतणी कधीपासून बोलावत होती, याला जिने झेपत नाहीत. महिन्याच्या सुरुवातीलाच जाणार होता. नाचासाठी थांबला.

"तुला कधीपासून माहीत आहे?" मी विचारलं.

"मिक्सर दिला त्या दिवशी. म्हणाले, बारक्याला इतक्यात सांगू नकोस, नाचाचा विचका करेल."

कुंड्या, खोकी, मिक्सर. सगळं माझ्या डोळ्यांसमोर होतं. इतका राग आला, इतका राग आला, की कुणावर काढू तेच कळेना. ट्रे घेऊन पुसत बसलो.

रविवार, ३० मार्च

काल झालं. सगळं लिहून काढतो.

हॉल गच्च भरला होता. टेलिफोनवाल्या पोरींना शिट्ट्या, आरामखुर्च्यांना टाळ्या. रंगाऱ्यांची शिडी पडली तेव्हा दादा आणि मी कडेला अंधारात उभे होतो. खांद्यावर फडकी, हातात माझा ट्रे. मला बोलायचं होतं, की तू जातोयस ते कळलं. तोंडातून आलं, "नीट कर हं." तो म्हणाला, "तू काळजीच करू नकोस. तुला आवडेल."

दिवे लागले. आम्ही शेजारी शेजारी उभे राहिलो. लोकांची तोंडं दिसत होती, रांगांमागून रांगा. याचीच तर मी वाट बघत आलो होतो. संगीत सुरू झालं. मी पहिलं पाऊल टाकलं, बरोबर बाजूला, दादाच्या बाजूला. आणि दादाने टाकलं माझ्या बाजूला!

असे आदळलो की मी खालीच बसलो. हॉल खो-खो हसायला लागला. मी वर बघितलं, दादा खाली बघतोय, आणि दोघांनाही एकाच क्षणी कळलं. या येड्याने दहा दिवस आरशासमोर उभं राहून माझी चूक शिकून घेतली होती. मला खोटं पाडायला नको म्हणून. आणि मी त्याचं बरोबर शिकून आलो होतो. दोघं मिळून पुन्हा तिथेच.

मागे सिनेमा चाललाच होता, वेटर आम्हाला सोडून पुढे गेले होते. मॅनेजरबाई कडेला दिव्यांच्या बटणांपाशी उभी होती, तिचा हात वर गेलेला मी पाहिला. मला रडू यायला लागलं होतं, खरंच सांगतो.

दादाने माझी कॉलर धरून मला उभं केलं आणि म्हणाला, "लोकांकडे नको बघू. इकडे तोंड कर. बोळातल्यासारखं."

मी त्याच्याकडे तोंड केलं. त्याने पाऊल टाकलं, मी टाकलं. दोघं एकाच बाजूला गेलो. पुन्हा टाकलं, पुन्हा एकाच बाजूला. समोरासमोर उभं राहिल्यावर कुणी बरोबर नाही की कुणी चूक नाही. कोपराला कोपर लागलं नाही. तो ट्रे फेकतोय, मी झेलतोय, मी फेकतोय, तो झेलतोय. पडद्यावरच्या वेटरांशी आमचं एकही पाऊल जुळत नव्हतं आणि मला त्याची काडीची पर्वा नव्हती. दिवे बंद झाले नाहीत. बाईने हात खाली केव्हा घेतला, मला माहीत नाही.

टाळ्या पडल्या म्हणे, खूप पडल्या म्हणे. बायको सांगते, लोक उभे राहिले होते. मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. उभा जन्म लोकांसमोर नाचायची वाट बघितली आणि नाच संपेपर्यंत मला दिसलं ते फक्त दादाचं घामेजलेलं तोंड आणि वरचा पुढचा पडलेला दात.

कडेला अंधारात आल्यावर मी म्हणालो, "सोमवारी जाणार आहेस म्हणे."

"हो रे."

"सांगायचंस ना."

"सांगितलं असतं तर तू नाचलाच नसतास. नुसता भांडला असतास."

ते खरं आहे. भांडलोच असतो.

सोमवार, ३१ मार्च

सकाळी त्याला बसमध्ये बसवून आलो. खोकी टपावर चढवताना कंडक्टरशी वाद झाला, मीच घातला. बायकोने डबा दिला. मी म्हणालो, पाणी पीत जा, पोरीला त्रास देऊ नकोस, जिन्याला कठडा आहे का ते विचारून घे. तो हो हो म्हणत होता. मग खिडकीशी जाऊन बसला. खिडकी अडकलेली, उघडेना. काचेतून काही ऐकू येत नव्हतं, दोघंही नुसतेच ओठ हलवत होतो.

मग त्याने दोन बोटं काचेवर टेकवली, पायांसारखी, आणि पहिलं पाऊल टाकलं. मी बाहेरून माझी दोन बोटं टेकवली. ती तिकडेच गेली. टकटक, टकटक, गिरकी. मधे फक्त काच होती. ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं, काच थरथरायला लागली, तरी आम्ही चुकलो नाही. बस हलली तशी मी चार पावलं बरोबर चाललो आणि मग बोटं सुटली.

दुकान उशिरा उघडलं. गिऱ्हाइकाला फ्रेमा दाखवायला ट्रे शोधला, तर ट्रे नाही. बायकोला फोन केला, तर म्हणाली, दादांच्या पिशवीत बघितला होता मी, मला वाटलं तुम्हीच दिलात.

मी कशाला देऊ? दुकानाचा ट्रे आहे तो. विचारायचं नाही, सांगायचं नाही, उचलून न्यायचा. वैताग आहे नुसता. आता एवढा एक दिवस बसमध्ये बसून तो आणायला जावं लागणार.